वायडलच्या थेंबात जंतू का थांबतो?

पावसाळ्यात चार-पाच दिवस ताप उतरला नाही, की आपल्याकडे तालुक्याच्या लॅबमधून वायडलचा, म्हणजे टायफॉइडसाठीच्या रक्तचाचणीचा, कागद घरी येतोच. 'ओ' १:८०, 'एच' १:१६०, म्हणजे रक्तद्रव इतका पातळ करूनही जंतूंचे पुंजके झाले. मग गावभर बातमी, "पोराले टायफाइड निघाला!" त्या 'ओ'चा संबंध जंतूच्या अंगाशी आणि 'एच'चा त्याच्या शेपट्यांशी आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

टायफॉइडच्या जंतूला अंगभर लांब, बारीक शेपट्या असतात. अंबाडीच्या तंतूंना पीळ पडून दोर व्हावा, तशा त्या पोहताना एकत्र येतात आणि गरगर फिरून जंतूला पुढे ढकलतात. प्रतिपिंड, म्हणजे आपल्या रक्तातली अँटीबॉडी, ही जंतूपुढे अगदीच चिमुकली. पण तिला निदान दोन हात असतात. एका हातानं ही शेपटी, दुसऱ्यानं शेजारच्या जंतूची शेपटी धरली की दोघंही अडकले. १८९६ साली पॅरिसमध्ये फर्नांड विडाल यांनी (वायडल हे त्यांचंच नाव) सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिलं. रुग्णाचा रक्तद्रव घातला, की वळवळणारे जंतू थांबत आणि त्यांचे पुंजके होत. आजच्या काचपट्टीवर मेलेल्या, रंगवलेल्या जंतूंचं द्रावण असतं, त्यामुळे दिसतात ते फक्त पुंजके. आणि प्रतिपिंडं जुन्या संसर्गाची किंवा लसीचीही असू शकतात. एकाच वायडलवर टायफॉइडचा शिक्का मारायची घाई मला कधीच पटलेली नाही. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं, केलेलं बरं.

या पकडीचा सगळ्यात सुंदर उपयोग १९७४ साली झाला. शेपटी चाबकासारखी हलते की खरोखर चाकासारखी फिरते, याचा वाद होता. सिल्व्हरमन आणि सायमन या दोघांनी प्रतिपिंडांनीच ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची शेपटी काचेला चिकटवली. शेपटी जखडली, बुडाची मोटर मात्र चालूच. मग अख्खा जंतूच जागच्या जागी गोल फिरू लागला! वाद मिटला.

टायफॉइडचा जंतू पेशींच्या आत दडून बसतो. तिथं प्रतिपिंडांचं फारसं चालत नाही. कॉलऱ्याचं तसं नाही. २०२२च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी, कोयलारीला विहिरीच्या दूषित पाण्यातून जो पसरला, तो जंतू आतड्याच्या पोकळीतच राहतो. त्याला एकच शेपटी, पण काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकात तो उल्केसारखा सुसाट जाताना दिसतो. त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा थेंब टाकला, की काही मिनिटांत सगळे ठप्प. प्रयोगशाळेत कॉलरा ओळखायची ही जुनी, भरवशाची खूण.

गंमत म्हणजे त्याची शेपटी उघडी नसतेच. तिच्यावर जंतूच्या बाह्य आवरणाचीच खोळ चढलेली असते. म्हणून अंगाला धरणारं प्रतिपिंड शेपटीलाही धरतं. आतड्याच्या भिंतीवर चिकट शेंबड्या द्रवाचा थर असतो. तो पोहून पार केल्याशिवाय जंतूला भिंतीवर ठाण मांडता येत नाही. पोहणं थांबलं, की तो मळाबरोबर बाहेर. त्याला मारायची गरजच पडत नाही.

हे काम मुख्यतः आयजीए जातीची प्रतिपिंडं करतात. आतड्यात ती जोडीनं बांधलेली, म्हणजे चार हातांची असतात. बाळंतिणीच्या पहिल्या चिकात त्यांचा साठा भरपूर असतो, आणि आपल्याकडे काही घरांत अजूनही तो चीक पिळून फेकतात. कॉलऱ्याची लसही दंडात टोचण्याऐवजी तोंडावाटे देतात, ती ही प्रतिपिंडं आतड्यातच तयार व्हावीत म्हणून.