डोळा मोठा उघडा, आता हलू नका

चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनआधी, किंवा मोतीबिंदूनंतर बसवायची लेन्स ठरवताना डॉक्टर ‘टोपोग्राफी’ करायला सांगतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि चमकणाऱ्या कड्यांच्या मधल्या दिव्याकडे बघायचं. थोड्याच वेळात कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचा, लाल-पिवळा-निळा नकाशा हातात पडतो. लाल रंग दिसला की पेशंट धसका घेतो. माझं म्हणाल तर रंग सगळ्यात शेवटी बघावेत.

कारण यंत्राने रंगांचा फोटो काढलेलाच नसतो. त्याने टिपलेलं असतं ते कड्यांचं प्रतिबिंब. ही युक्ती पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातले नेत्रतज्ज्ञ अंतोनियो प्लासिदो यांची, १८८० सालची. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची चकती, मध्ये एक भोक, आणि त्या भोकातून डॉक्टरचा डोळा. चमच्याच्या पाठीत आपला चेहरा जसा चमच्याच्या आकाराप्रमाणे बदलतो, तशी ही वर्तुळं कॉर्नियावर बदलतात. जिथे फुगवटा जास्त तिथे ती दाटीने बसतात, जिथे सपाट तिथे पसरतात. आजचं यंत्र कड्यांमधली अंतरं हजारो बिंदूंवर मोजतं आणि त्यावरून गोलाई काढतं. रंग त्या हिशेबानंतर भरलेले: जास्त फुगवट्याला लाल, सपाटीला निळा.

आता गंमत बघा. हे प्रतिबिंब उमटतं अश्रूंच्या थरावर. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो, इतका पातळ. पापणी मिटून उघडली की तो सारखा पसरतो आणि काही सेकंदांत जागोजागी फाटायला लागतो. फाटला की कडी तिथे तुटते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ म्हणतो, “दोन-तीनदा उघड-मीट करा, आता मोठा उघडा, हलू नका,” आणि त्याच क्षणी बटण दाबतो. पेशंट डोळे ताणून बसला आणि फोकस नंतर जुळवला, तर फोटो कोरड्या डोळ्याचा येतो. जेलसारखे जाड थेंब नुकते घातले असतील तरी कड्या लहरी दिसतात. म्हणूनच डोळ्याचं प्रेशर मोजायच्या आणि थेंब घालायच्या आधी टोपोग्राफी उरकलेली बरी.

पापणी जड असेल तर ती बोटाने उचलावी लागते, पण आधार भुवईखालच्या हाडावर द्यायचा. बोटाचा दाब बुबुळावर आला तर कॉर्नियाचा आकारच बदलतो. खोल डोळे, मोठं नाक असेल तर नाकाची सावली कड्या खाते. चेहरा किंचित वळवून नजर मात्र दिव्यावरच ठेवली की काम होतं. मान तिरकी झाली तर सिलिंडर नंबरचा, म्हणजे तिरप्या नंबरचा, अक्ष (त्याची दिशा) चुकतो. तिरपा नंबर घालवणारी टोरिक लेन्स एका अंशाने चुकीची बसली तर तिचा सुमारे ३ टक्के परिणाम जातो, ३० अंशांनी चुकली तर जवळजवळ सगळाच.

खरा घोळ केराटोकोनसच्या बाबतीत होतो. या आजारात कॉर्निया पातळ होऊन, बहुधा खालच्या भागात, पुढे येतो. अशा डोळ्यावर लासिक, म्हणजे लेसरने नंबर घालवायचं ऑपरेशन, करणं धोक्याचं. पण नजर दिव्यावरून हलली, खालचा भाग कोरडा पडला किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवसापर्यंत वापरली, तरी नकाशा तसाच लालसर येऊ शकतो. लेन्सने दबलेला कॉर्निया पूर्ववत व्हायला वेळ लागतो: सॉफ्ट लेन्स साधारण आठवडा-दोन आठवडे, हार्ड लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवायला सांगतात. शिवाय रंगांची पट्टी बारीक टप्प्यांची निवडली, तर निरोगी डोळाही भडक दिसतो.

दुसऱ्या प्रकारची, ‘शाइम्फ्लुग’ नावाच्या कॅमेऱ्याची यंत्रं कॉर्नियाचे उभे छेद टिपतात आणि मागची बाजू, जाडी हेही दाखवतात. कड्यांवर त्यांची भिस्त नाही. पण डोळा हलला किंवा पापणी आड आली, तर तीही फसतात.

शंका असेल तर लागोपाठ तीन फोटो घेतात. तिन्हींत उंचवटा त्याच जागी असेल तर तो कॉर्नियाचा. फिरत राहिला तर बहुतेक अश्रूंचा, आणि आधी कोरडेपणावर उपचार करून पुन्हा तपासायचं. वर्षभराने फरक बघायचा असेल, तर जुना रिपोर्ट सोबत न्या आणि जमल्यास त्याच यंत्रावर तपासणी करून घ्या. दोन निराळ्या यंत्रांच्या आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नसतो.