मागची काच आणि तिला धरून ठेवणारे रबर

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, पण हौशी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० गाड्या महाराष्ट्रात अजूनही धावताना दिसतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून या बांध्याची गाडी तयार होऊ लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले. आज या गाड्यांचे वय लक्षात घेतले तर त्यांच्या मागच्या काचेभोवतीचे मूळ रबर कधीच कडक होऊन गेलेले असते. पावसाळ्यात मागच्या सीटमागे कुबट वास येऊ लागतो, डिकीत पाणी साचते आणि मग कोणीतरी सल्ला देतो, ‘सिलिकॉन भरून टाका, काम झाले.’ हा सल्ला का चुकीचा आहे हे कळण्यासाठी ते रबर नेमके कोणते काम करते, हे आधी पाहावे लागेल.

आजच्या गाड्यांमध्ये पुढची आणि मागची काच पॉलियुरेथेनच्या चिकट थराने थेट पत्र्याला डकवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याला ताठपणा देण्यात त्या काचेचाही वाटा असतो. जुन्या गाड्यांची रचना याच्या उलट आहे. तिथे काच पत्र्याला कुठेच टेकत नाही. रबराच्या पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. त्याच्या एका खाचेत काचेची कड बसते आणि दुसऱ्या खाचेत खिडकीच्या चौकटीच्या पत्र्याची कड. म्हणजे काच दोन रबरी पाळ्यांच्या पकडीत अक्षरशः तरंगत असते. खड्ड्यातून जाताना सांगाडा जो पीळ खातो तो काचेपर्यंत पोहोचू न देणे, हे या रबराचे पहिले काम. पाणी अडवणे हे दुसरे.

तापमानाचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तापमान ५० अंश सेल्सियसने वाढले, तर एक मीटर लांबीची काच साधारण ०.४५ मिलिमीटरने वाढते आणि तेवढाच पोलादी पत्रा ०.६ मिलिमीटरने. दोन्हींतला फरक इतका किरकोळ असतो की रबर तो सहज पोटात घालते. मात्र काच मिळत नाही म्हणून तिच्या जागी ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा कापून बसवला, तर त्याच तापमानवाढीत तो साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. घट्ट मापाने कापलेले ॲक्रिलिक उन्हात फुगून बाहेर येते किंवा रबराच्या खाचेतून निसटते, ते यामुळेच. त्यावर ओरखडे पडतात ही त्यामानाने लहान तक्रार आहे.

अशा गाड्यांची मागची काच सहसा टफन केलेली, म्हणजे तापवून कणखर केलेली असते. सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवलेली काच भट्टीतून काढून तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर थंड हवेचे जोरदार झोत सोडले, की बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसू पाहतो, पण घट्ट झालेले बाहेरचे थर त्याला आकसू देत नाहीत. परिणामी पृष्ठभाग कायमच्या दाबाखाली राहतो आणि गाभा कायमच्या ताणाखाली. हा दाब थोडाथोडका नसतो. तो ७० ते १०० मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ७०० ते १००० किलोग्रॅमच्या भाराएवढा असू शकतो. काच फुटायची तर आधी हा दाब मोडून काढावा लागतो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त मार सहन करते. मात्र एखादी चीर दाबाच्या थराखालच्या गाभ्यापर्यंत पोहोचली, की आत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते, चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरच्या वेगाने फुटत जाते आणि क्षणार्धात साऱ्या काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. टफन झालेली काच नंतर कापता, घासता किंवा भोक पाडून मापात आणता येत नाही, ते याच कारणाने. मागची काच जुनी असो वा नव्याने करून घेतलेली, तिचा आकार आणि वक्रता भट्टीत जाण्याआधीच ठरलेली असावी लागते. काच टफन आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर पोलरॉइड गॉगल लावून तिच्याकडे तिरक्या कोनातून पाहावे. हवेचे झोत जिथे पडले होते तिथे करडे ठिपके किंवा पट्टे ओळीने उमटलेले दिसतात. काचेत कोंडलेला ताणच डोळ्यांना दिसतो म्हणा ना.

या काचेचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे तिची कड. जुने रबर पुन्हा वापरायचे नसेल, तर काच दाबून किंवा पान्याने उचकटून काढण्याऐवजी रबराची बाहेरची पाळ धारदार पात्याने सगळीकडून कापावी आणि काच अलगद उचलून घ्यावी. ती कधीही सिमेंटच्या फरशीवर कडेवर उभी करू नये. मला विचाराल तर या साऱ्या कामात घाई करण्यासारखी एकही पायरी नाही, आणि ही तर मुळीच नाही.

काच निघाली की खरे दुखणे उघडे पडते. खालच्या दोन कोपऱ्यांत पत्र्याची कड तपकिरी होऊन पापुद्र्यांनी फुगलेली असते. रबर आणि पत्रा यांच्यामधल्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते आणि तिथून ते लवकर वाळत नाही. दोन स्वच्छ काचांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट ठेवली, तर पाणी तिच्यात जवळपास १५ सेंटीमीटर चढू शकते. रबर काचेसारखे भिजत नाही, त्यामुळे गाडीत हा आकडा बराच कमी असतो, पण पत्रा ओला राहायला तेवढे पुरते. त्यात आणखी एक गोम आहे. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर असतो आणि आत खोलवर तो संपलेला असतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर इवलासा विद्युतघट तयार होतो आणि ऑक्सिजन कमी असलेला आतला भाग धनाग्र बनून झिजू लागतो. म्हणूनच बाहेरून रंग धडधाकट दिसतो आणि रबराखाली मात्र पत्रा पोखरलेला असतो. किनारपट्टीच्या हवेतले मीठ या घटाला अधिकच बळ देते. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. एखाद्या ठिकाणी फुगलेला गंज रबराला दाबत थेट काचेच्या कडेवर रेटा देतो आणि मग एखाद्या दिवशी उभ्या गाडीची काच कोणी हात न लावता फुटते.

आता सिलिकॉनचे पाहू. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनपैकी पुष्कळसे घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडते. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळेच. हे आम्ल उघड्या पोलादाला गंजवते. शिवाय वरून भरलेले सिलिकॉन बाहेरची फट बुजवते, पण आत शिरलेल्या पाण्याची वाटही बंद करते. त्यापेक्षा गंज लखलखीत धातू दिसेपर्यंत घासून काढावा, जिथे पत्रा उरलाच नाही तिथे डेंटरकडून नवा तुकडा जोडून घ्यावा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर व रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. लांबणारे काम हेच असते. काच बसवायला फार तर एक दुपार पुरते.

रबर निवडताना त्याचे रसायन विचारात घ्यावे. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात आणि शहरातल्या हवेत उन्हाच्या मदतीने तयार होणारा ओझोन नेमके तेच बंध तोडतो. गंमत अशी, की सैल पडलेल्या रबराला ओझोनमुळे सहसा भेगा जात नाहीत. ताणलेल्या रबराला त्या जातात, आणि त्याही ताणाच्या दिशेला काटकोनात. जुने रबर कोपऱ्यांच्या बाहेरच्या वळणावर आधी का तडकते, याचे उत्तर इथे मिळते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, असतात ते बाजूच्या फांद्यांवर, म्हणून ते ओझोनपुढे कित्येक पटींनी टिकते. मात्र खनिज तेल लागले की तेही फुगते. बसवताना ग्रीस, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावू नये. साबणाचे पाणी पुरेसे असते. नवे रबर वेल्डिंग मशीनजवळ ठेवू नये, कारण तिथेही ओझोन तयार होतो.

रबराचा छेद आणि लांबी गाडीच्या वर्षाशी जुळली पाहिजे. फोक्सवॅगन बीटलची मागची खिडकी मार्च १९५३ पर्यंत दुभागलेली होती, मग लंबगोल झाली आणि १९५७ च्या उत्तरार्धापासून बरीच मोठी झाली. नावाने गाडी तीच असली तरी एकीचे रबर दुसरीला चालत नाही. पट्टी लांबीवर कापून घेतलेली असेल तर ती ताणून बसवू नये. किंचित जास्त ठेवून दाबून बसवावी, कारण ताणलेले रबर काही महिन्यांत आकसते आणि जोड उघडा पडतो.

प्रत्यक्ष बसवण्याची रीत जुनीच आहे. आधी रबर काचेवर चढवायचे. रबरात चकचकीत धातूची पट्टी बसणार असेल, तर बहुतेक गाड्यांत तीही याच वेळी बसवून घ्यावी लागते. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची मजबूत दोरी सगळीकडून घालायची आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यावर एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूस सोडायची. खाचेला साबणाचे पाणी लावून एकाने काच बाहेरून चौकटीवर टेकवून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरीचे टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढायचे. दोरी बाहेर येता येता रबराची आतली पाळ पत्र्याच्या कडेवरून उचलली जाते आणि आत येऊन बसते. बाहेरच्या माणसाने दोरी जिथे निघते आहे तिथेच तळहाताने थोपटत राहायचे. मुठीने ठोसा मारला, की काच वाचली तर नशीब.

पाणी आत शिरते का, हे पाहताना पाइपचा झोत जोरात न सोडता पाणी हलकेच वाहू द्यावे आणि सुरुवात खालच्या कडेपासून करून वर जावे. वरून सुरुवात केली, तर पाणी ओघळत सगळीकडे पसरते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही. आत बसलेल्याने खालचे कोपरे कोरड्या कागदाने टिपत राहावे. एखाद्या ठिकाणी ओल दिसलीच, तर तेवढ्याच भागात रबराची बाहेरची पाळ उचलून कधीही कडक न होणारी ब्युटिल रबराची पुट्टी भरावी, म्हणजे काच तरंगतीही राहते आणि पुढच्या वेळी ती काढताही येते.