डाग झाकताना रंग आपलाच ठेवा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मेकअपच्या दुकानाच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "जरा उजळ शेड द्या". लग्नसराईत तर दिवसभर हेच. वांग असो, मुरुमांचे काळे डाग असोत की डोळ्यांखालची वर्तुळं, फिकट रंग लावला की सगळं लपेल असा समज घरोघरी आहे. होतं उलटंच. काळ्या डागावर फिकट कन्सीलर लावला की डाग लपत नाही, राखाडी होतो आणि आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. वर चेहरा एका रंगाचा, गळा दुसऱ्या रंगाचा. सांगलीतल्या मुली-बायकांचे गव्हाळ, सावळे, काळेसावळे रंग मुळातच सुंदर आहेत, आणि डाग नीट झाकायचा तर तो त्याच रंगात झाकावा लागतो. ते कसं करायचं हे या पत्रकात आहे.

शेड कशी निवडायची

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार मांडले. पुढे ते सहा झाले. आपल्याकडचे पुष्कळ लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. या त्वचेचा स्वभाव असा, की ती सहजासहजी भाजत नाही, पण काळवंडते लवकर. साधी पुटकुळी बसली तरी मागे काळा डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. म्हणून पुटकुळ्या फोडू नका, हे आम्ही प्रत्येकीला सांगतो. फोडलेल्या पुटकुळीचा डाग झाकण्यात जितका वेळ जातो, तितका तिला हात न लावण्यात जात नाही.

रंग किती गडद आहे हे एक, आणि त्याच्या आतली छटा कोणती हे दुसरं. दोन बहिणी सारख्याच गव्हाळ असतात, पण एकीच्या त्वचेत पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस, आणि काहींच्या त्वचेला हलकी हिरवट झाक असते. एकीला शोभणारी शेड म्हणूनच दुसरीला मातकट दिसते. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. सावळ्या त्वचेवर त्या शिरा नीट दिसतच नाहीत, त्यामुळे आम्ही त्या पद्धतीवर विसंबत नाही.

आमची पद्धत साधी आहे. जवळच्या तीन शेड जबड्याच्या कडेवर, गालापासून गळ्याकडे उतरत्या रेघांनी लावायच्या आणि दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघायच्या. ट्यूबलाइटखाली निवडलेली शेड बाहेर पडल्यावर फसवते. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. पण लगेच पैसे देऊ नका. पंधरा मिनिटं पेठेत एक चक्कर मारून या. त्वचेतलं तेल मिसळलं की बरीच फाउंडेशन थोडी गडद होतात, आणि खरा रंग तेव्हाच कळतो. हाताच्या पालथ्या बाजूवर शेड बघणं सोडून द्या, हात आणि चेहरा यांचा रंग क्वचितच एक असतो. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

कपाळ, तोंडाभोवतीचा भाग आणि जबड्याच्या कडा गालांपेक्षा काळसर असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. तासगावकडे द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका किंवा रोज दुपारी गाडीवरून फिरणाऱ्या मुली यांच्यात हा फरक जास्त दिसतो. अशा वेळी सगळ्या चेहऱ्याला एकच शेड थापू नका. गळ्याला जुळणारी शेड मधल्या भागाला, अर्धा टप्पा गडद शेड कडांना, आणि दोन्हींची हद्द ओल्या स्पंजने पुसट करायची. महाग वस्तूंपेक्षा या दोन शेडनी चेहरा जास्त खरा दिसतो.

करेक्टरचे रंग

करेक्टर म्हणजे कन्सीलरच्या आधी डागाची छटा मारणारा रंग. त्याच्या पट्टीतले हिरवे, नारिंगी, जांभळे गोळे बघून पुष्कळ जणी घाबरतात. त्यामागचं तत्त्व एवढंच, की रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांना मारतात. डोळ्यांखालच्या वर्तुळांत निळसर आणि तपकिरी छटा असते, तिला नारिंगी कुटुंबातला रंग उतारा आहे. निमगोऱ्या रंगाला पीच, गव्हाळाला फिकट नारिंगी, सावळ्याला चांगला नारिंगी, आणि काळ्यासावळ्या रंगाला विटकरी तांबडा. त्वचा जितकी गडद, तितका करेक्टर गडद, हा नियम पाठच करून ठेवा. काळ्यासावळ्या त्वचेवर पीच लावला की तोही राखाडीच होतो.

हिरवा करेक्टर लाल पुटकुळीसाठी असतो. तो गोऱ्या त्वचेवर उपयोगी पडतो. सावळ्या त्वचेवर पुटकुळी लालपेक्षा तपकिरी किंवा जांभळट दिसते, म्हणून तिथे हिरव्याची गरज फार कमी पडते. पूर्ण पट्टी विकत घेऊ नका. तुम्हाला लागणारा एकच रंग घ्या.

लावताना आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, ते मुरू द्यायचं. मग फक्त डागावर करेक्टर, अनामिकेने थापटत, न घासता. त्यावर फाउंडेशनचा पातळ थर. तरीही जे डोकावेल तिथेच आपल्या शेडचा कन्सीलर, बारीक ब्रशने, ठिपक्यासारखा. शेवटी पावडर दाबून बसवायची. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते, करेक्टर जास्त घेतला जातो. तांदळाच्या दाण्याएवढा दोन्ही डोळ्यांना पुरतो.

मुरुमांनी पडलेले खड्डे मात्र रंगाने झाकले जात नाहीत. खड्ड्यात दिसते ती सावली असते, डाग नसतो. तिथे चमकदार काही लावू नका. प्रायमर (मेकअपच्या आधी त्वचा सारखी करायला लावतात तो थर) आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचा, बेस यांनी फरक पडतो, पण सपाट गाल होईल असं वचन आम्ही देत नाही, आणि कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

वांग असेल तर

वांग उन्हाने वाढतं हे सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही ते गडद होतं, हे फार जणींना माहीत नसतं. नेहमीचं रंगहीन सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. लोहाची ऑक्साइडं तो अडवतात, आणि फाउंडेशनला पिवळा, तांबडा, काळा रंग देणारी रंगद्रव्यं तीच असतात. म्हणून वांग असलेल्या ग्राहकांना आम्ही रंगीत सनस्क्रीन सुचवतो. झाकणं आणि सांभाळणं एकाच ट्यूबमध्ये होतं. चेहरा आणि गळा मिळून दोन बोटं भरून लागतं. चिमूटभर लावून उपयोग नाही, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

हळदीनंतरचा मेकअप

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती रंगाला किती पक्की आहे हे नवरीचा मेकअप करताना कळतं. आदल्या दिवशी हळद लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त, आणि महिन्यापूर्वी निवडलेली शेड अचानक चेहऱ्यावर गुलाबी दिसायला लागते. शेड चुकलेली नसते, खालची त्वचा पिवळी झालेली असते.

हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद पाण्याने कितीही घासली तरी जात नाही. साबण तर लावूच नका. हळदीला अल्कली मिळाली की ती तांबडी होते. हळदीत चुना घालून कुंकू होतं ते याच गुणाने. साबणही अल्कलीच, त्यामुळे पिवळा डाग तांबूस होऊन बसतो आणि घासून घासून गाल सोलवटतात ते वेगळंच. खोबरेल तेल कापसावर घेऊन हळुवार पुसा, मग सौम्य फेसवॉश, आणि गरज वाटली तर तेलाचा हात पुन्हा एकदा. उजेडानेही हळदीचा रंग उतरतो, म्हणून हळद सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत बराच फरक पडतो. घरच्या मोठ्यांना आमची विनंती आहे, की नवरीच्या चेहऱ्याला हळदीचं बोट टेकवावं आणि मनसोक्त हळद हातापायांना लावावी. विधीही होतो आणि मुलीचा चेहराही राहतो.

फोटोसाठी एक सूचना. एसपीएफ असलेल्या काही बेसमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि पारदर्शक म्हणून मिळणारी सिलिका पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकतात आणि फोटोत चेहरा पांढराफटक येतो. मेकअप झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा, म्हणजे वेळीच कळेल.

सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथेच सीता स्वयंवर रंगमंचावर आणलं. रंगभूषेची जाण या गावाला जुनी आहे, आणि जाड पॅनस्टिकची, म्हणजे कांडीतल्या दाट मेकअपची, सवयही. पण शेवटच्या रांगेतून दिसायचा चेहरा आणि हातभर अंतरावरून आशीर्वाद घेणारा चेहरा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडपात दिवसाच्या उजेडात तो थर भेगाळतो. पॅनस्टिक वापरायचीच तर डागापुरती वापरा.

कोड, लासं, भाजल्याचे व्रण

हा भाग आम्ही सगळ्यात काळजीने लिहीत आहोत. कोड संसर्गजन्य नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकच टॉवेल वापरल्याने ते होत नाही. आमच्याकडे कोड असलेल्या ग्राहकासाठी वेगळी खुर्ची नाही.

यासाठी लागणारं साधन नेहमीच्या कन्सीलरपेक्षा वेगळं असतं. कॅमुफ्लाज क्रीममध्ये रंगद्रव्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि ते पाण्याला, घामाला टिकतं. याची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या लिडिया ओ'लिअरी. त्यांच्या चेहऱ्यावर जन्मापासून वाइनच्या रंगाचं मोठं लासं होतं. ते झाकण्यासाठी त्यांनी स्वतः दाट क्रीम तयार केलं आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

कोडाच्या पांढऱ्या डागाला करेक्टर लागत नाही, आजूबाजूच्या त्वचेची अचूक शेड लागते, आणि ती बहुतेक वेळा दोन शेड मिसळून करावी लागते. पातळ थर, वर फिक्सिंग पावडर, पाचेक मिनिटं थांबायचं, जास्तीची पावडर झटकायची, लागलाच तर दुसरा थर. कडा डागाच्या थोडं बाहेरपर्यंत न्यायच्या. लालजांभळ्या जन्मखुणेला गव्हाळ त्वचेवर आधी पिवळसर थर चांगला काम करतो. जखम पूर्ण भरली नसेल, व्रण ओला असेल किंवा खाजत असेल, तर आम्ही काही लावत नाही.

पाहण्याच्या कार्यक्रमासाठी कोड झाकून द्या, असं सांगत आईवडील येतात. आम्ही झाकून देतो, कारण चेहरा मुलीचा आहे आणि तो कसा दाखवायचा हे तिने ठरवायचं. पण समोरच्यांना आधी स्पष्ट सांगा, एवढं आम्ही कळकळीने म्हणतो. मुलीला झाकायचं नसेल तर घरच्यांनी आग्रह धरू नये.

कपाळाच्या मधोमध टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग दिसायला लागला तर टिकली ताबडतोब बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने त्या जागेचा रंग जातो. भेसळीच्या कुंकवाने उलट काळा डाग पडतो. दोन्हींवर मेकअप थापून टिकली चालू ठेवली तर डाग वाढत जातो.

आम्ही काय विकत नाही

बिनलेबलच्या डबीतलं "आठ दिवसांत गोरं" करणारं क्रीम आमच्याकडे मिळणार नाही, मागणी कितीही असो. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत टाकली ती यामुळेच. पारा किडनीवर जातो. असं क्रीम तुम्ही वापरत असाल तर लपवू नका. मिरज-सांगलीत त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळ आहेत, आधी तिकडे जा.

मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा आला असेल तर तो मळ नाही, घासू नका. साखर तपासून घ्या. तिळाचा आकार, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तरी डॉक्टरच.

कोणतीही नवीन वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा काहीही वापरू नका. डबीत बोट घालू नका, स्पंज दर वापरानंतर धुऊन उन्हात वाळवा, आणि काजळ-मस्कारा कोणाशी वाटून घेऊ नका. वेष्टनावरच्या उघड्या डबीच्या चित्रात १२ आकडा असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. रात्री मेकअप उतरवताना आधी तेलाने सैल करा, मग चेहरा धुवा.

शेड बघायला शक्यतो सकाळी या, तेव्हा दारातला उजेड स्वच्छ असतो आणि गर्दीही कमी. चेहऱ्यावर पावडरसुद्धा नको. नवरीने निदान तीन आठवडे आधी यावं, म्हणजे चाचणीला वेळ मिळतो. घरात पडलेल्या ट्यूब, डब्या पिशवीत घालून आणा. त्यातल्या मुदतीत असलेल्या दोन शेड मिसळून तुमचा रंग जमत असेल तर आम्ही त्या मिसळून दाखवू, त्याचे पैसे पडत नाहीत.