वर्तनोपचार आणि मुलांच्या दातांच्या सवयी

लहान मुलांना दात घासणे, झोपताना दुधाची बाटली सोडणे, अंगठा चोखणे थांबवणे, दंतवैद्याच्या खुर्चीत न घाबरता बसणे अशा गोष्टी शिकवण्यासाठी वर्तनशास्त्रातील तत्त्वांचा केलेला उपयोग. या पद्धतीत मुलाच्या मनात खोलवर काय दडले आहे हे शोधण्यावर भर नसतो. एखादी कृती कशानंतर घडते आणि तिच्यापाठोपाठ मुलाला काय मिळते, एवढेच बारकाईने पाहिले जाते आणि त्यात फेरफार केला जातो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे प्रबलनाचे तत्त्व, म्हणजे ज्या कृतीनंतर हवेसे काही मिळते ती पुन्हा घडते हा नियम, आणि मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवून दिलेले अनुकरणातून होणारे शिक्षण हे तिचे दोन मुख्य आधार आहेत.

दात किडण्याची क्रिया रोजच्या दिनक्रमाशी बांधलेली आहे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली (सामू साधारण ५.५च्या खाली उतरला) की दाताच्या वरच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. पुढे लाळ ही झीज हळूहळू भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे रात्री दात न घासता झोपणे किंवा तोंडात बाटली ठेवून झोपणे सर्वांत घातक. चॉकलेटने दात किडतात हे बहुतेक आईवडिलांना ठाऊक असते. अडते ते रात्री साडेनऊला, पेंगुळलेल्या मुलाला बेसिनपर्यंत न्यायचे कसे, इथे. त्यात ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत’ हा समज भर घालतो. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, आणि सहाव्या वर्षी त्यांच्यामागे येणारी कायमची दाढ कोणताही दात न पडता येत असल्याने तीही दुधाचीच समजली जाते.

सकाळच्या सवयीत मराठी घरांनी हा उपचार नाव न देता केव्हाच अंगी बाणवला आहे. ‘दात घासल्याशिवाय चहा नाही’ हा नियम मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी मांडलेल्या तत्त्वाचे चोख उदाहरण आहे: हवीशी वाटणारी कृती नकोशा कृतीच्या मागे जोडली की नकोशी कृतीही नेमाने होऊ लागते. इंग्रजीत या तत्त्वाला ‘आजीचा नियम’ असेच टोपणनाव आहे. रात्रीला मात्र असा चहा नसतो. जेवण, टीव्ही किंवा मोबाइल आणि झोप या क्रमात ब्रशला जागाच ठेवलेली नसते. ती करून देणे हे वर्तनोपचाराचे पहिले काम: आधी ब्रश, मग अंथरुणातली गोष्ट, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. क्रम रोज तोच ठेवला की काही काळाने सांगावे लागत नाही. किती काळाने, याचे एकच उत्तर नाही. लंडनमधील ९६ प्रौढ स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; पण हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. आठवड्याभरात जमले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

कृतीही एकदम शिकवायची नसते. आधी ब्रश हातात धरणे, मग तोंडात फिरवणे, मग पुढचे दात, शेवटी मागच्या दाढा, अशा पायऱ्या पाडतात आणि प्रत्येक पायरीला दाद देतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसे वळण नसते. त्याने घासल्यावर मोठ्याने एकदा हात फिरवणे आवश्यक असते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही; पण फेस नुसता थुंकला आणि चूळ टाळली, तर फ्लोराइड दातांवर अधिक काळ टिकते.

बक्षिसांबाबत तारतम्य हवे. भिंतीवरच्या तक्त्यात रोज एक तारा आणि ठरावीक ताऱ्यांनंतर मुलाच्या पसंतीची छोटीशी गोष्ट, ही सुरुवातीला उत्तम चालते. बक्षीस गोड खाऊचे असू नये, हे उघड आहे. मात्र १९७३मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या मुलांना चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावल्यावर पुढे त्यांची आपणहून चित्रे काढण्याची ओढ कमी झाली. म्हणून सवय रुजू लागली की तारे विरळ करत न्यायचे आणि त्यांची जागा शब्दांना द्यायची. ‘शहाणं माझं बाळ’ यापेक्षा ‘आज मागच्या दाढासुद्धा घासल्यास!’ हे कौतुक अधिक उपयोगी, कारण नेमके काय चांगले केले ते मुलाला कळते.

मूल सांगितलेले कमी आणि पाहिलेले जास्त उचलते. आईवडील रात्री ब्रश करत नसतील, तर मुलाला ती मोठ्यांनी लादलेली शिक्षा वाटते. महाराष्ट्रात याला एक गंभीर बाजू आहे. अनेक घरांत अजूनही मिश्री लावली जाते. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना चांगली म्हणून हिरड्यांवर चोळली जाते आणि तिचे व्यसन जडते. आजीला रोज मिश्री लावताना पाहणाऱ्या नातवंडाला ती दात घासण्याचीच एक रीत वाटते. अशा घरात मुलाचा ब्रश हा एकट्या मुलाचा प्रश्न राहत नाही.

अंगठा चोखण्याची सवय बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. कायमचे पुढचे दात येईपर्यंत ती टिकली, तर दात पुढे येतात किंवा वरच्या-खालच्या दातांत फट राहते. अंगठ्याला कारल्याचा रस किंवा तिखट लावणे हा घरगुती उपाय. त्यातला तिखटाचा टाळावाच, कारण ते हात डोळ्यांनाही लागतात. मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३मध्ये मांडलेली ‘सवय उलटवण्याची’ पद्धत अधिक माणुसकीची आहे. आधी मूल कधी चोखते ते शोधायचे: झोप येताना, टीव्ही पाहताना, की कंटाळल्यावर. मग त्या वेळी हातांना दुसरे काम द्यायचे, जसे मूठ घट्ट आवळून धरणे. १९८०मध्ये ही पद्धत खास अंगठा चोखणाऱ्या मुलांवर तपासली गेली.

दंतवैद्याच्या दवाखान्यात सर्वांत रूढ तंत्र म्हणजे ‘सांगा, दाखवा, करा’. अमेरिकेतील अ‍ॅडल्स्टन यांनी ते १९५९मध्ये मांडले. पाण्याचा फवारा आधी समजेल अशा शब्दांत सांगायचा, मग बोटावर उडवून दाखवायचा, आणि नंतरच तोंडात वापरायचा. मुलाच्या तोंडावर हात दाबून रडणे थांबवण्याची रीतही एके काळी शिकवली जात असे. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने ती २००६मध्ये आपल्या मार्गदर्शिकेतून काढून टाकली. आपल्या घरांतली ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी मात्र टिकून आहे, आणि दवाखान्यातली मेहनत ती दारातच वाया घालवते.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत उपचार पालकांवरच करावा लागतो. कॅनडातील सरे शहरात पंजाबी भाषक कुटुंबांतील २४० बाळांच्या मातांबरोबर असा प्रयोग झाला. काही मातांना फक्त पत्रक आणि चित्रफीत मिळाली; इतरांशी उपदेश न करता, त्यांना स्वतःला काय जमेल हे विचारत संवाद साधला गेला आणि पुढे फोनवर पाठपुरावा झाला. वर्षभरानंतर दुसऱ्या गटातील बाळांमध्ये किडीच्या नव्या जागा निम्म्याहून कमी होत्या. नंतर अमेरिकेतील मूलनिवासी वस्त्यांत आणि सार्वजनिक घरकुलांत झालेल्या मोठ्या चाचण्यांत मात्र अशा संवादाचा परिणाम दिसला नाही. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. तिथल्या ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाडीतली मुले रोज एकत्र, शिक्षकांच्या नजरेखाली दात घासतात. तिथे शाळेच्या पहिल्या वर्षातील किडीची उघड खूण नसलेल्या मुलांचे प्रमाण २०००च्या सुमारास ४५ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१८मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. सारे श्रेय एकट्या ब्रशला देता येणार नाही. पण सवय मुलाच्या इच्छेवर न सोडता दिवसाच्या वेळापत्रकात बसवली, हे त्या कार्यक्रमाचे बळ आहे.

दुखणाऱ्या दाताला वर्तनोपचार लागू पडत नाही. आधी दुखणे थांबवावे लागते. स्वमग्न मुलांसाठी पायऱ्या आणखी बारीक कराव्या लागतात. ब्रशचा स्पर्श किंवा पेस्टची चवच काहींना असह्य होते, म्हणून आधी कोरडा मऊ ब्रश ओठांना, मग एकाच दाताला, आणि बेसिनवर ओळीने चिकटवलेली चित्रे: ब्रश, पेस्ट, दात, थुंकणे, टॉवेल. काही मुलांना पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागतात.