अपघातग्रस्त आणि कामगारांच्या केसेस लढणारा वकील व्हायचंय? साताऱ्यातून सनदेपर्यंत आणि त्याच्या पुढे, सगळी माहिती

मागच्या महिन्यात शिरवळला कंपनीत काम करणारा एक पोरगा ऑफिसला आला होता, मशीनमध्ये दोन बोटं गेलेल्या मित्राला घेऊन. कागद बघून झाले, निघाले दोघं, आणि हा दारातून मागे वळून म्हणतो, ताई, हेच काम मला करायचं असेल तर काय काय करावं लागतं? बी.कॉम. झालेला, वय एकतीस. त्याला उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धंच झालं म्हणून आता नीट लिहितेय. आमच्या लाईनला अशी पोरं पाहिजेत ज्यांनी स्वतः शिफ्ट केलीय, ज्यांना हजेरी कार्ड म्हणजे काय ते माहितीय.

पहिली गोष्ट, वय. तीस-पस्तीस झालं म्हणून सोडून देऊ नका, सध्या सीईटीला म्हणजे प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, पदवी असेल तर तीन वर्षांचा. दोन्हीला राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते, पेपर मराठीतही असतो, चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पात्रता खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी फॉर्म भरता येतो. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज, म्हणजे पुण्याला खोली घेऊन राहायलाच पाहिजे असं काही नाही.

आता एक खड्डा सांगते ज्यात एमआयडीसीतली बरीच मुलं पडतात. बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतली असेल तर ती पदवी लॉच्या प्रवेशाला चालत नाही. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा नियम दहावी, बारावी, मग पदवी असा क्रम मागतो. बारावी रीतसर पास होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. फॉर्मचे पैसे भरायच्या आधी आपला क्रम तपासा.

प्रवेशाला कागद नेहमीचेच, दहावी-बारावी-पदवीच्या मार्कलिस्टा, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आरक्षणातून असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि चालू नॉन क्रिमिलेअर, मध्ये शिक्षण तुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पडताळणीला वेळ लागतो त्यामुळे सीईटीच्या रिझल्टची वाट बघत बसू नका, आजच टाका. आणि नोकरी करत करत एलएलबी करू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की हजेरी ७० टक्के लागते. नाईट शिफ्ट करून सकाळी लेक्चरला बसणारी मुलं मी बघितलीत, डोळे लाल झालेले असायचे पण हजेरी पूर्ण असायची.

एलएलबी झालं की सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज, वय २१ पूर्ण पाहिजे, सोबत एलएलबीच्या सगळ्या मार्कलिस्टा, पासिंग सर्टिफिकेट, आधीच्या शिक्षणाचे कागद, आधार, फोटो, प्रतिज्ञापत्र. फीबद्दल मुद्दाम लिहिते कारण गरीब घरातली मुलं इथेच अडकायची. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ मध्ये फी लिहिलेली आहे, खुल्या गटाला एकूण ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी, तरीही वेगवेगळ्या राज्यांत नाना नावांनी हजारो रुपये घेतले जायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कायद्यात आहे त्याच्या वर नोंदणीच्या नावाने घ्यायचं नाही. हा निकाल आपल्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी फार मोठा आहे.

सनद घेताना नोकरी सोडावी लागते, पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. ह्यासाठी घरी आधी बोलून ठेवा, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवा. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची, १०० प्रश्न, मराठीतून देता येते, नोट्स नसलेली नुसत्या कायद्याची पुस्तकं म्हणजे कोरे बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात. पासिंग ४५ टक्के, एससी-एसटीला ४०.

इथपर्यंतचं कुठेही विचारलं तरी सांगतील. पुढचं कमी लोक सांगतात.

सुरुवात करायची सिनियरकडे, आणि सिनियर बघून निवडायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा असं सुचवलंय, पण ते सुचवलेलंच आहे, बंधन नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्यापेक्षा बरंच कमी मिळतं हे धरून चला. पैशापेक्षा हे बघा की तो सिनियर कोणाच्या बाजूने उभा राहतो. एमएसीटी म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणात दोन बाजू असतात, एक जखमीची आणि एक विमा कंपनीची. विमा कंपनीच्या पॅनेलवर काम शिकून नंतर जखमींकडे आलेले चांगले वकील आहेत, त्यांना समोरचा कुठे बोट ठेवणार ते माहीत असतं. मी जखमींकडूनच सुरू केलं आणि तिथेच राहिले.

काम कसं असतं ते एका हिशोबावरून सांगते. समजा २८ वर्षांचा ड्रायव्हर, पगार १२,०००, मालकाचा माल घेऊन जाताना खंबाटकीत मागून दुसऱ्या ट्रकने ठोकलं, जागीच गेला, मागे बायको, दोन पोरं, आई. एमएसीटीत गेलं तर सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पगारात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले १६,८००. अवलंबून चार माणसं म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव भाग वजा, राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००, त्याला २००९ च्या सरला वर्मा निकालातला त्या वयाचा गुणक १७, म्हणजे २५,७०,४००, वर अंत्यविधी वगैरेचे ठराविक. हाच दावा कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय) मालकावर टाकला तर पगाराच्या निम्मे ६,००० गुणिले २११.७९, म्हणजे १२,७०,७४०. दोन्हीकडे मागता येत नाही, एकच दार निवडायचं. मग सगळ्यांनी एमएसीटीतच जावं का, तर नाही, कारण तिथे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ च्या दाव्यात समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. गाडी त्याची स्वतःचीच घसरून उलटली असेल तर कामगार कायदा बरा, तिथे चूक कोणाची हा प्रश्न सहसा येत नाही, काम करताना अपघात झाला एवढं दाखवायचं. चुकीच्या दारातून गेलं तर त्या आईला सात-आठ वर्षांनी काहीच हातात येत नाही, म्हणून ह्या लाईनीत दार ओळखायला शिकणं हेच खरं शिक्षण आहे.

दुसरं शिक्षण कागदांचं. माझ्याकडे ऊसतोडीला आलेली एक मावशी आली होती, नवरा ट्रॉलीखाली सापडलेला. कॅरीबॅगमध्ये कागद, पाण्याने चिकटलेले, डिस्चार्ज कार्डावरची तारीख पुसलेली, एक्स-रे मधोमध दुमडलेला, आणि त्यात मुकादमाची उचल लिहिलेली वहीची दोन पानं. ती म्हणाली ही पानं टाकून देणार होते. तो माणूस कोणाकडे कामाला होता ह्याचा तोच एक पुरावा होता! तेव्हापासून मी ज्युनियरला पहिल्या दिवशी सांगते, माणसाच्या पिशवीतला एकही कागद न वाचता परत द्यायचा नाही. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पीएम रिपोर्ट, आरसी, विमा पॉलिसी, लायसन्स, दवाखान्याची बिलं, सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला, पगाराचा पुरावा, रेशनकार्ड, एवढं तरी पाहिजेच. २०२२ च्या मोटार वाहन नियमांनी पोलिसांनी अपघाताचा पहिला रिपोर्ट ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचाय, त्याचा पाठपुरावा ज्युनियरच करतो, पोलीस ठाण्यात फेऱ्या मारून. दाव्याला ६ महिन्यांची मुदत कायद्यात आलेली आहे, त्यामुळे दिवसकार्याला गेलात तरी हळूच कागदांचं विचारायला लागतं, वाईट वाटतं पण विचारायचं.

कामगारांच्या बाजूला जायचं असेल तर युनियनचं ऑफिस ही चांगली शाळा आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात समोरच्याच्या संमतीशिवाय वकिलाला लेबर कोर्टात उभं राहता येत नव्हतं पण युनियनचा पदाधिकारी राहू शकायचा, म्हणून सांगली मार्केट यार्डातल्या हमालांपासून कुपवाडच्या कारखान्यांपर्यंत कितीतरी जण आधी युनियनमध्ये तयार झाले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, जुन्या केसेस मात्र चालूच आहेत, त्यामुळे जुने कायदे आणि नवीन संहिता दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नव्याने येणाऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण संहिता सिनियरलाही नवीनच आहेत.

फीचं बोलायलाच पाहिजे. मिळालेल्या भरपाईत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. तरी दवाखान्याच्या दारात एजंट उभे असतात, तिसरा हिस्सा आमचा म्हणतात, कोऱ्या कागदावर अंगठे घेतात. अशा एकाने विधवेच्या पासबुकातून चेक वटल्याच्या दिवशीच पैसे काढून घेतलेले मी बघितलंय, ती बाई बँकेच्या पायरीवर बसून होती. फी आधी ठरवा, लेखी द्या, पावती द्या. ज्याच्याकडे द्यायलाच नाही त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा, महिला, एससी-एसटी, अपंग आणि औद्योगिक कामगार ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

त्याच प्राधिकरणाच्या पॅनेलवर तुम्हालाही जाता येतं, तीन वर्षांची प्रॅक्टिस झाली की. मानधन थोडं असतं पण केसेस आणि अनुभव भरपूर. न्यायाधीश व्हायचं असेल तरी मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिस लागतेच, म्हणजे ही वर्षं कुठेच वाया जात नाहीत. आणि अपिलाचं काम करायचं असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा आणि सांगली दोन्ही त्यात आहेत. पूर्वी अपिलाच्या एका तारखेला क्लायंटला रात्रीच्या एसटीने मुंबईला न्यायला लागायचं, आता सकाळी निघून संध्याकाळी घरी.

पॅनेलचा अर्ज जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसातच द्यायचा, सनदेची आणि बार एक्झामच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन जा, आणि अर्जात कुठल्या प्रकारच्या केसेस करायच्यात ते लिहा, तिथे मोटार अपघात आणि कामगार असं स्पष्ट लिहायचं.