वायपरच्या बुडाशी सिलिकॉन थापू नका

“जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पावसाचं पाणी पायांवर ठिबकतंय? वायपरच्या बुडाशी सिलिकॉन सीलंट (फटी बुजवायचा लगदा) थाप, झालं काम.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे. पाणी दोन वाटांनी शिरतं: पत्रा आणि रबरी वॉशरमधल्या फटीतून, आणि फिरता स्पिंडल (वायपरचा दांडा) व बुश (तो ज्यात फिरतो ती नळी) यांच्यामधून. ही दुसरी वाट वरून लिंपून बुजतच नाही. स्पिंडल फिरला की थर सुटतो. शिवाय आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो. असा एक थर मी खरवडला, तर खालून तांबूस भुगाच निघाला. स्पिंडल काढा, बुश स्वच्छ पुसा, रबरं नवी घाला. सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगतं. नट आवळताना रबर बाहेर फाकायला लागलं की थांबा.