आंतरजालावरची मैत्री आणि गटग

एकमेकांचा चेहरा न पाहता, नुसत्या लिहिण्यावाचण्यातून जुळलेली आणि पुढे प्रत्यक्ष भेटींतून टिकलेली मैत्री. मराठीपुरता तिचा बहर साधारण १९९६ ते २०१० या वर्षांतला. अशा मित्रांच्या भेटीला मायबोली या मराठी संकेतस्थळावर ‘गटग’ आणि मिसळपाव या दुसऱ्या संकेतस्थळावर ‘कट्टा’ म्हणतात. गटग हे ‘गेट टुगेदर’चे आटवलेले रूप, ‘एवेएठि’, म्हणजे एका वेळी एका ठिकाणी, असाही एक शब्द चालत असे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी गणेशचतुर्थीला, १६ सप्टेंबर १९९६ रोजी, अमेरिकेतून मायबोली सुरू झाली. मनोगत हे संकेतस्थळ २००४ मध्ये, तर उपक्रम आणि मिसळपाव २००७ मध्ये आले. तेव्हा परदेशी फोन महाग होते आणि पत्राला आठवडे लागत. संगणकावर देवनागरी लिहिण्यावाचण्याची सोय करणारे युनिकोड रुळेपर्यंत बरेचसे मराठी रोमन अक्षरांत लिहिले जाई, आणि ‘mi’ म्हणजे ‘मी’ की ‘मि’ हे वाचणाऱ्याने ठरवायचे असे.

या मैत्रीचा पाया स्थलांतरात आहे. अमेरिकेने कुशल परदेशी नोकरदारांसाठीच्या एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून आधी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० केली. संगणक क्षेत्रातली मराठी मुले मोठ्या संख्येने तिकडे गेली. त्यांच्याबरोबर एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदारांना नोकरीची परवानगी नव्हती. ती काहींना मिळू लागली ती २०१५ पासून. शिकलेली, कालपर्यंत कमावणारी बाई अनोळखी गावात, बर्फाच्या दिवसांत, गाडी चालवता येत नसताना दिवसभर घरात एकटी असे. तिला पुरणाचे प्रमाण विचारायला, कवितेवर भांडायला आणि बाळाच्या तापाने घाबरल्यावर धीर द्यायला जी माणसे भेटली, ती पडद्यावर. या मैत्रीच्या इतिहासात या बायकांचे स्थान मध्यवर्ती आहे, आणि त्याची नोंद अजून पुरेशी झालेली नाही.

घड्याळाचीही मदत होती. पुण्यात सकाळी नऊला कामावर येऊन बसलेल्याला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यातल्या रात्री साडेअकराला जागा असलेला कुणी हमखास सापडे. एकाची झोपायची वेळ झाली की दुसरा गप्पांचा धागा उचली, त्यामुळे गप्पा अखंड वाहत.

माणसाची ओळख ‘आयडी’ने, म्हणजे संकेतस्थळावर घेतलेल्या नावाने, होई. आडनाव कळत नसे, म्हणून जात, गाव, वय, पगार यांचा अंदाज लगेच बांधता येत नसे. मराठी समाजात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा असतो, हे लक्षात घेतले की ही सोय किती मोठी होती ते कळते. आधी भाषा दिसे, मग स्वभाव. सोबतीला एक घरगुती बोलीही घडली. ‘विपू’ म्हणजे विचारपूस, सदस्याच्या पानावर निरोप लिहायची जागा; ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप. गुपचूप वाचणारा ‘रोमात’, म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’मध्ये, असे. अनुमोदनाचा ‘मोदक’ झाला, आणि थट्टा मनावर घेऊ नका हे सांगायला ‘दिवे घ्या’ आले: ‘लाइट’ घ्या, म्हणून दिवे. ही बोली ज्यांना येते ते आजही एकमेकांना दोन वाक्यांत ओळखतात.

जोसेफ वॉल्थर या अमेरिकी संशोधकाने १९९२ मध्ये मांडले की नुसत्या मजकुरातूनही जवळीक निर्माण होते, फक्त तिला वेळ जास्त लागतो. १९९६ मध्ये त्याने पुढचे पाऊल टाकले: विचार करून लिहायला सवड मिळते आणि वाचणारा मधल्या रिकाम्या जागा चांगुलपणाने भरतो, म्हणून असे नाते कधीकधी समोरासमोरच्या नात्याहूनही गाढ होते. पण त्याच रिकाम्या जागांत फसवणूकही मावते. एकाच माणसाने दोन नावांनी वावरणे, म्हणजे ‘डुआयडी’, यामुळे बरीच मने दुखावली.

म्हणून गटगला महत्त्व. मायबोलीच्या पावसाळी ‘वर्षा विहारा’साठी, म्हणजे ‘ववि’साठी, पुण्यामुंबईहून बस निघे, आणि वर्षभर वाचलेली माणसे पहिल्यांदा शेजारी बसत. भारतातून कुणी अमेरिकेत गेले, किंवा तिकडचे सुट्टीत घरी आले, की तेवढ्या निमित्ताने कुणाच्या तरी घरी जेवण ठरे. प्रत्यक्ष ओळख झाल्यावरही हाक आयडीनेच मारली जाते. मुलाच्या लग्नपत्रिकेवर पाहुण्याचे खरे नाव काय घालायचे ते पुष्कळदा विचारून घ्यावे लागते.

गप्पांची इतर ठिकाणेही होती; त्यांतले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. तिथल्या गप्पा गेल्या. मैत्र्या मात्र बऱ्याचशा व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा-पंधरा जणांच्या गटांत हलल्या. तिशीतली माणसे आता साठीकडे झुकली आहेत, आणि पाककृतींच्या जागी गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आल्या आहेत.

सदस्य गेल्यावर त्याच्या विपूत लिहिण्याचीही रीत पडली आहे. त्याच्या शेवटच्या हसऱ्या निरोपाखालीच श्रद्धांजली सुरू होते. घरच्यांना तो आयडी ठाऊक नसतो. मग गटातले कुणीतरी घरी जाते, आणि त्याने पंचवीस वर्षांत काय काय लिहिले ते छापून बायकोच्या हाती ठेवते.